भाऊबंदकी आणि बंधुभेट

(शताब्दी सप्ताहात हरिपाठाआधी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शताब्दीचा सप्ताह आहे, मांडव भरलाय, आणि अशा वेळी घरातल्या भांडणांवर कशाला बोलायचं, असं काही जणांना वाटलं. विषय ठरवताना आमच्या बैठकीतच दोन तट पडले. काही म्हणाले, दिंडीचा इतिहास सांगा. पहिल्या वर्षी किती माणसं निघाली, सामान बैलगाडीतून कसं जायचं, विणा कुणाकुणाच्या गळ्यात होता, ते सांगा. ते सगळं स्मरणिकेत येतंच आहे. आम्ही हाच विषय धरला, कारण शंभर वर्षांत या दिंडीनं नामाखालोखाल काय ऐकलं असेल तर ते हेच. मुक्कामाला पोचल्यावर, पंगत उठल्यावर, राहुटीत आडवं होऊन पोटऱ्यांना तेल चोळताना माणसं ब्रह्म-मायेवर बोलत नाहीत. थोरला बोलत नाही, सून नातवाला भेटू देत नाही, बहिणीनं दावा लावलाय, पोरगी सात वर्षं उंबऱ्याला आली नाही, हे बोलतात. दिवे घाट चढताना तोंडात नाम असतं; रात्री दिवा बारीक झाला की पोटातलं घर बाहेर येतं.

माळ घातलेल्या घरात भांडण असू नये, अशी एक समजूत आहे. त्यामुळं होतं काय, की भांडण मिटत नाही, झाकलं जातं. गावात कुणी विचारलं, "थोरले अण्णा दिसले नाहीत वास्तुशांतीला?" की आपण म्हणतो, "त्यांना रजा नव्हती." रजा असते. पत्रिकाच गेलेली नसते. किंवा गेलेली असते आणि तिच्यात नाव तिसऱ्या ओळीत छापलेलं असतं. माउली, लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून तुटलेली घरं आम्ही दोन्ही हातांची बोटं संपतील इतकी पाहिली. हसू नका, हसणाऱ्यांतही दोघं-तिघं बसलेत.

तर ही लाज आधी बाजूला ठेवू. ज्यांच्या नावानं आपण चालतो त्यांची घरं बघा. विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले, संन्यास घेतला. मागं आळंदीत रुक्मिणीबाई एकट्या. गुरूंच्या आज्ञेनं परत आले तर गावानं वाळीत टाकलं. चार लेकरं झाली, ती संन्याशाची पोरं म्हणून हिणवली गेली. आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि पोरं उघड्यावर पडली. म्हणजे आपल्या माउलींचं घर आधी आतून तुटलं, मग बाहेरून तोडलं गेलं. नामदेवरायांकडं चला. मुलगा शिंपीकाम सोडून देवळात बसतो म्हणून आई गोणाई देवाशी भांडते, संसार कसा चालवू म्हणून राजाई वैतागते. त्या दोघींच्या नावाचे अभंग आपल्याच परंपरेनं जपलेत. गाऱ्हाणं आहे म्हणून कुणी ते गाळले नाहीत. चोखोबांच्या घरात सगळीच अभंग करणारी: सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा. बापाचा सूर वेगळा आणि पोराचा वेगळा. पोरगा देवालाच खडसावून विचारतो. तोही सूर ठेवलाय. बापासारखं बोलत नाही म्हणून पोराला घराबाहेर काढलं नाही.

तुकोबांच्या घरची गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते. वडील गेले, आई गेली. थोरले बंधू सावजी, त्यांची पत्नी गेली आणि ते घरच सोडून निघून गेले. पुढं दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. उदीम बसला. उरले दोघं भाऊ, तुकोबा आणि कान्होबा, आणि लोकांकडून येणं असलेली खतं. परंपरा सांगते, की तुकोबांनी निम्मी खतं कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ही कथा आपण वैराग्याची म्हणून सांगतो, आणि आहेच ती. पण एकदा शेतकऱ्याच्या कानानं ऐका. आधी वाटणी झाली. आपल्याला वैराग्य आलं म्हणून भावाचा हिस्सा त्यांनी पाण्यात टाकला नाही. कान्होबांना संसार करायचा होता, त्यांचा वाटा त्यांच्या हातात दिला. आणि वेगळे झालेले हेच कान्होबा पुढं तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत गणले जातात; तुकोबा गेल्यावर त्यांनी केलेले अभंग गाथेत आहेत, आणि त्यातलं रडणं भावाचं आहे. आपल्याकडं वाटणी झाली की आता नातं संपलं असं धरतात. आमचं मत उलट आहे. नातं पुष्कळदा संपतं ते वाटणी वेळेवर न केल्यामुळं.

देवाच्या घरी तरी काय वेगळं आहे? इतर क्षेत्रांत देव आणि देवी शेजारी उभे दिसतात. पंढरपुरात विठोबा गाभाऱ्यात एकटा, आणि रखुमाईचं देऊळ मागच्या अंगाला वेगळं. कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: रुक्मिणी रुसून द्वारकेहून निघाली, दिंडीरवनात येऊन बसली, देव शोधत आला आणि वाटेत पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. म्हणजे रुसवा काढायला निघालेला देव अजून विटेवरच आहे. आपल्या बाया हे देऊळ दाखवताना हसतात आणि म्हणतात, "बघा, हिचंही आमच्यासारखंच." आणि पुंडलिक? त्याच्या कथेचा पहिला भाग आपण घाईत उरकतो. आई-बापाला छळणारा मुलगा होता तो. सेवा नंतरची.

आता आपल्या सोहळ्याचं. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन ते पंढरीला जात. दीडशे वर्षांच्या आसपास ते तसं चाललं. पुढं देहूकर घराण्यात मानापानावरून, हक्कावरून वाद झाले, आणि आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींचा सोहळा आळंदीहून वेगळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे-तंबू दिले. आज माउली सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणवरून जातात. तुकोबा लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूजवरून. पुण्यात दोन्ही पालख्या मुक्कामाला, पण एक भवानी पेठेत आणि एक नाना पेठेत. ज्या वारीला आपण ऐक्याचा सोहळा म्हणतो तिच्या पोटात भाऊबंदकी आहे. पण बघा, वाटा वेगळ्या झाल्या तरी वाखरीला दोघंही येतात. कुणी कुणाला म्हणालं नाही, की आधी माझ्या वाटेनं चल, मगच पंढरीला जाऊ.

आता एक रोजची गोष्ट. माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरती होते. पालखी मध्ये, भोवती सगळ्या दिंड्या, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि सगळं एकदम गप्प होतं; पहिल्यांदा वारीला आलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाण्याचा टँकर आला नाही, चालण्याच्या क्रमावरून वाद झाला, काहीही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडं शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. मग चोपदार त्या दिंडीकडं जातात. तक्रार ऐकतात, तोड काढतात, टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि आरती. तक्रार असताना आरती उरकून घ्यायची पद्धत नाही.

हे आपण वर्षानुवर्षं बघतो आणि घरी येऊन उलटं वागतो. घरात एखादा टाळ वाजवत राहिला, दर दिवाळीला जुनं उकरतो, दर पंगतीत "आमच्या वेळी तुम्ही आला नव्हता" म्हणतो, की आपण त्याला भांडखोर ठरवतो. अहो, तो अजून दिंडीत आहे. त्याला वाटतंय कुणीतरी येईल आणि विचारील. भीती वाटावी ती ज्या घरात अगदी शांत आहे त्या घराची. "आमचं काही भांडण नाही, आमचं फक्त येणं-जाणं नाही." असं म्हणणारे आले की आम्हाला कळतं की इथं टाळ कधीचा बंद झालाय आणि कुणी तिकडं गेलं नव्हतं.

आणि चोपदार तक्रारवाल्याला पुढं बोलावत नाहीत, स्वतः जातात. सगळ्या तळाला ऐकू जाईल असं विचारत नाहीत. पूर्वी घरात हे काम मामा करायचे, आत्या करायची, एखादे सोयरे करायचे. आता मामालाच कुणी बोलवत नाही. किंवा मध्यस्थ म्हणून असा माणूस येतो ज्याचा स्वतःचा बांध दोघांपैकी एकाला लागून असतो. त्यापेक्षा मध्यस्थ नसलेला बरा. आजकाल भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समेट करायला निघतात. चाळीस माणसं बघतायत आणि दोघांनी मनातलं बोलावं, कसं शक्य आहे?

आमच्या दिंडीतलं एक उदाहरण सांगतो. विचारून सांगतोय, आणि खुणा बदलून. दोघं सख्खे भाऊ. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळीवरून वाद, मग मोटर कुणाची, वीजबिल कुणी भरायचं, मग हाणामारी, मग कोर्ट. दोघंही माळकरी, दोघंही याच दिंडीत. भिशीची पावती वेगळी, राहुटी वेगळी, एक पहिल्या ओळीत टाळ धरणार तर दुसरा विण्याच्या मागं. पण दिंडीचा नियम सगळ्यांना एक. कीर्तन झालं की एकमेकांच्या पाया पडायचं, त्यात निवड नाही. नऊ वर्षं हे दोघं दर वारीत एकमेकांच्या पाया पडले आणि नऊ वर्षं घरी एक शब्द बोलले नाहीत. आम्ही धाकट्याला विचारलं, हे कसं जमतं? तो म्हणाला, "वारीत तो माउली असतो. घरी तो थोरला असतो."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. वारीत पाया पडताना हिशेब नसतो, आणि घरी गेलं की तीच विहीर, तेच बिल, तीच तारीख. मग एका वर्षी फलटणच्या मुक्कामात आमच्यातल्या एका वयस्कर टाळकऱ्यांनी दोघांना बोलावलं. त्यांना ना यांच्या गावात जमीन ना सोयरीक. त्यांनी प्रेमाबद्दल, रक्ताच्या नात्याबद्दल, आई-बापाच्या आत्म्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. भिशीच्या पावतीच्या मागं पेन्सिलनं वार लिहिले. सोमवार ते बुधवार कुणी मोटर चालवायची, गुरुवार ते शनिवार कुणी, रविवारी आलटून-पालटून, बिल निम्मं-निम्मं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तर ऊस कुणीच लावायचा नाही. दोघांनी खाली अंगठे नाही, सह्या केल्या, शिकलेले आहेत. आजही ते एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. बायका बोलत नाहीत. पण पीक जळत नाही, कोर्टाची तारीख घेणं बंद झालं, आणि तो कागद मोटरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. काही जण म्हणतात, याला काय समेट म्हणायचा? आम्ही म्हणतो. एवढाच झाला तरी पुष्कळ झाला.

जमिनीचं म्हणाल तर कागद वेळेत करा, एवढंच सांगणं. मोजणी करून घ्या, वाटप लेखी करा, तहसीलदारांकडं अर्ज करून खातेफोड होते. आणि वडील हयात असताना करा. ते गेल्यावर प्रत्येकाला त्यांचा वेगळा शब्द आठवतो. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि त्याची याच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं असतं. त्यासाठी सरकारनं २०२३ साली सलोखा योजना काढली: बारा वर्षांचा परस्पर ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी, एवढ्यात अदलाबदल. कागदानं माया येत नाही, पण ज्या कागदाअभावी माया आटते तो तरी करून घ्यावा.

बहिणींचं मात्र उरकून टाकता येणार नाही, कारण इथं आपल्या पुरुषमंडळींचा, माळकरी असोत की नसोत, पाय अडकतो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. कायदा झाला, आणि आपण काय केलं? भाऊबीजेला बहीण येते, ओवाळते, भाऊ साडी देतो, आणि चार दिवसांनी तिला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतो. तिनं आनंदानं सोडलं तर तिचा अधिकार आहे, कुणी अडवू नये. पण पुष्कळ जणींना विचारलेलंच नसतं, गृहीत धरलेलं असतं. आणि एखादी म्हणाली, की दादा, माझ्या मुलाच्या शिक्षणाला लागतंय, माझा हिस्सा दे, की त्या दिवसापासून तिचं माहेर बंद. "तिनं माहेर विकलं" असं गावभर सांगायचं. माउली, मागणाऱ्यानं विकलं की न देणाऱ्यानं? बाईला माहेर किती लागतं ते तुमच्याआमच्या ओव्यांत आहे, पंढरीलाच माहेर म्हणणारी आपली परंपरा. त्या लाडक्या शब्दाची किंमत दीड एकर लावायची आणि वर भावनेच्या गोष्टी बोलायच्या, हे आम्हाला पटत नाही.

लग्नावरून तुटलेल्या लेकींबद्दल. जातीबाहेर लग्न केलं म्हणून जिवंत मुलीचं दहावं घातलेली माणसं आपल्या भागात आहेत. माळ गळ्यात ठेवून घातलंय. भावकीनं, जातपंचायतीनं अशा घराला वाळीत टाकणं २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण बापानं स्वतःच दार लावलं तर कायदा कुठं जाणार? चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, तिथं डोकं टेकवून आपण आत जातो, आणि घरी येऊन जातीसाठी लेक मेली म्हणतो.

आमच्यातलेच एक वारकरी. मुलगी पुण्यात असते. दरवर्षी सोहळा पुण्यात दोन रात्री असतो. दरवर्षी तिला दिंडीचा क्रमांक पाठ, ती रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहायची. हे समोर बघत पुढं जायचे. आम्ही टाळकऱ्यांनी कधी त्यांना ढकललं नाही, "घ्या हो, लेक आहे" असंही म्हटलं नाही. रस्त्यात, लोकांच्या देखत, माणसाला कोपऱ्यात गाठू नये. परवाच्या वारीत त्यांनी तिच्या हातून बाटली घेतली. वारीत पाणी देणाऱ्याला जे म्हणतात तेच म्हणाले, "माउली." आणि पुढं गेले. तिनंही आवाज दिला नाही. त्या रात्री राहुटीत ते जेवले नाहीत, आणि ती बाटली त्यांनी पंढरपूरपर्यंत फेकली नव्हती, रिकामी होती तरी. पुढं काय होईल ते विठोबाला ठाऊक.

आता जे सांगतो ते लक्ष देऊन ऐका, कारण समेटाचं बोलणाऱ्यांकडून इथं फार अन्याय होतो. जिथं मारहाण आहे, दारू पिऊन अंगावर येणं आहे, लेकरांवर वाईट नजर आहे, तिथं "जुळवून घे" म्हणू नका. संत बहिणाबाईंचं नाव पुढं करतात: नवऱ्यानं मारलं, तुकोबांचा अनुग्रह घेतला म्हणून छळलं, तरी त्या राहिल्या आणि शेवटी नवरा बदलला. बहिणाबाईंनी ते दुःख स्वतः अभंगांत सांगून ठेवलंय, झाकलं नाही, हे आधी बघा. आपलं अंगावरचं सांगणारी बाई ती साडेतीनशे वर्षांपूर्वी. त्यांच्या सहनशक्तीचा दाखला देऊन दुसऱ्याच्या लेकीला मार खायला परत पाठवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? अशी बाई, किंवा असा मुलगा, घरापासून लांब राहत असेल तर राहू द्या. त्यांचा पत्ता विचारू नका, आणि कळला असेल तर घरच्यांना कळवू नका. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदतक्रमांक आहे. म्हाताऱ्या आई-बापांना मुलगा सांभाळत नसेल तर २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडं निर्वाहासाठी अर्ज करता येतो, १४५६७ वर फोन करता येतो. आईची पाळी लावणाऱ्यांबद्दल आम्ही काही बोलत नाही. महिना संपल्याच्या दिवशी पिशवी घेऊन ओसरीवर बसलेली म्हातारी तुम्हीही पाहिली आहे.

मग ज्यांना दार उघडावंसं वाटतं, मारहाणीचा प्रश्न नाही, फक्त वर्षं साचली आहेत, त्यांनी काय करावं? ताटीचे अभंग आपण म्हणतो. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली. तिनं ताटी तोडली नाही. निवृत्तिनाथांना पुढं करून दटावलं नाही. तुझंच चुकलं, असा हिशेब मांडला नाही. बाहेर उभी राहून बोलत राहिली. उघडणं त्यांच्या हातात ठेवलं. चौघांत धाकटी ती होती. आपण मात्र आधी लहान कोण, मोठा कोण, पहिला फोन कुणी करायचा, यात दहा वर्षं घालवतो.

आणि भेट झालीच तर ती कशी असावी? वेळापूरहून भंडीशेगावला जाताना माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट होते. दोन्ही रथ एकमेकांजवळ येतात, मानाचे नारळ दिले-घेतले जातात, गर्दीत डोळे पुसले जातात. किती वेळ? फार नाही. मग एक रथ पुढं निघतो, दुसरा आपल्या क्रमानं. माउलींच्या रथात सोपानकाकांना बसवत नाहीत. सासवडहून इथवर कुठं होता, असं कुणी विचारत नाही. आमचा अनुभव असा, की वर्षांनी भेटलेल्या भावांचं पहिल्याच दिवशी बिघडतं ते जास्त वेळ बसल्यामुळं. चहा घेतला, लेकरांची नावं विचारली, गुडघ्यांचं दुखणं सांगितलं, उठा. १९९८ साली कोण काय म्हणालं ते त्या दिवशी काढू नका. लग्नात आणि मयतीत तर मुळीच काढू नका. तिथं माणसं आधीच हळवी असतात आणि ऐकायला भावकी जमलेली असते. लेकरांच्या हाती निरोप पाठवू नका. "तुझ्या काकाला सांग" म्हणून पाठवलेलं पोरगं दोन्हीकडची बोलणी खातं आणि मोठं होऊन तिसरंच भांडण उभं करतं.

काही दारं उघडत नाहीत, हेही खरं. आमच्या दिंडीत एक आक्का आहेत, आता मांडवातच आहेत, नाव घेत नाही, त्या ओशाळतील. जावेशी बिनसलं, कशावरून ते दोघींनाच ठाऊक. वारीहून आल्यावर त्या प्रसाद पाठवतात: चुरमुरे, बत्तासे, बुक्का, एक तुळशीची माळ. स्टीलच्या डब्यात भरून शेजारच्या पोराच्या हाती. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. तिकडून डबाच परत येत नाही. आक्का दरवर्षी नवा घेतात. अकरा डबे तिकडं गेलेत. आम्ही म्हटलं, आक्का, प्लास्टिकच्या पिशवीत द्या की, डब्याचा खर्च कशाला? त्या म्हणाल्या, "पिशवी दिली तर तिला परत काय करायचं ते सुचायचं नाही."

यंदा पंढरपुरातच, प्रदक्षिणेच्या रस्त्यावर, त्यांनी बारावा घेतला. झाकण घट्ट बसतंय का ते तीनदा बघून.

हरिपाठाची वेळ झाली. टाळकऱ्यांनी उभं राहावं. रामकृष्णहरी!